पायात येणारी पॅन्ट

आमच्या दुकानात एक रीत आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मास्तरांनी मला टेप धरायला शिकवायच्या आधी ती शिकवली. गिऱ्हाइकाला वाकडं म्हणायचं नाही. आता माणसं सगळीच थोडीफार वाकडी असतात. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाचं पोट एकाच अंगाला जास्त, कुणी जन्मभर एका पायावर भार देऊन उभं राहिल्यामुळे कंबर तिरकी करून घेतलेली. कोट अंगावर चढला की हे सगळं उघडं पडतं. गिऱ्हाईक आरशात बघून कपाळाला आठ्या घालतं आणि म्हणतं, "मास्तर, इथं जरा काहीतरी..." की मास्तरांचं उत्तर तयार, "कापड ओढलंय साहेब. करून देतो." मग उतरलेल्या खांद्यात गुपचूप एक जाडसर पट्टी जाते, एक बाही किंचित आखूड होते आणि माणूस ताठ मानेनं घरी जातो. दोष नेहमी कापडाचा.

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते म्हणून दुकानात मीही मास्तर म्हणते, घरी नुसतं 'अहो'. कापायचं काम त्यांचं, शिवायचं माझं. कात्री ते कुणाच्या हातात देत नाहीत. मला एवढ्या वर्षांत त्यांनी स्वयंपाकघराच्या, कपाटाच्या, बँकेच्या, सगळ्या किल्ल्या दिल्या, पण ती काळी लांब कात्री नाही. मी कधी मागितलीही नाही. प्रत्येकाचं एक खूळ असतं आणि संसारात तेवढं चालवून घ्यावं लागतं.

तर हे मास्तर एका सकाळी कापण्याच्या टेबलावर ओणवे होऊन खडूनं रेघ ओढत होते आणि त्यांना शिंक आली. एवढंच झालं. ना ओझं उचललं, ना पाय घसरला. शिंक आली आणि ते तसेच ओणवे राहिले. मला वाटलं, रेघ तपासताहेत. बऱ्याच वेळानं अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, मला सरळ करता येतंय का बघ."

सरळ काही करता आलं नाही. कळ डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या बाहेरच्या बाजूनं थेट अंगठ्यापर्यंत जात होती. पुढचे काही दिवस आमच्या घरात बसणं ही क्रियाच बंद पडली. मास्तर ओट्याशी उभ्यानं जेवायचे, उभ्यानं पेपर वाचायचे, आणि उभं राहवेना की कुशीवर आडवे होऊन गुडघे पोटाशी घ्यायचे. या माणसानं आयुष्यात तापातसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं. आता पायमोजा चढवायला ते मला हाक मारत होते. मी वरून बडबड करत होते, "शिंकायलाही नीट येत नाही तुम्हाला!" आणि आतून चांगली घाबरले होते.

दुखणं एकाचं असतं आणि वैद्य गावभर असतात. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक औषध घेऊनच येऊ लागलं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, सुया टोचून घ्या, माझी मान सुयांनी गेली. गेली म्हणजे बरी झाली, असं त्यांना म्हणायचं होतं. किराणावाल्यानं तेल सांगितलं. एकानं सांगितलं, लाकडी फळीवर झोपा, तर दुसऱ्यानं सांगितलं, फळीवर झोपूनच माझं बिघडलं. समोरच्या छापखान्याचे मालक तर कमरेला वजनं बांधून ओढून घ्या म्हणत होते. आणि सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं, की काही झालं तरी पाठीचं ऑपरेशन करून घेऊ नका. प्रत्येकाच्या माहितीत एक माणूस होता जो ऑपरेशनला चालत गेला आणि परत उचलून आणावा लागला. त्या माणसाचं नाव मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

माझ्या नणंदबाई सल्ल्यावर थांबणाऱ्यांतल्या नाहीत. त्या थेट पट्टा घेऊन आल्या. रुंद, कडक, आत पट्ट्या घातलेला, त्यांच्या दिरांनी वापरून सोडलेला. "घाल रे धाकट्या," म्हणाल्या, "आणि महिनाभर अंथरुणावरून हलू नकोस." त्या माझ्या यजमानांपेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत आणि त्यांच्यासमोर मास्तर अजूनही चड्डीतले होतात. हूं की चूं न करता त्यांनी पट्टा बांधला.

मी मात्र त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवून तो टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी मास्तरांना पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलायला घेतला आणि मास्तर ओरडले. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, अंगठा वर ओढायला लावून स्वतःच्या बोटानं खाली दाबून बघितला. एमआरआयचे फोटो काढून झाले. मणक्यांमधली एक गादी मागे सरकून पायाच्या नसेला चिमटा घेत होती.

"सायटिका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाठीचं दुखणं आहे, पण ओरडतोय पाय."

त्यांनी आम्हाला घाई केली नाही, ते मला आवडलं. त्या म्हणाल्या की बहुतेक माणसांची ही कळ दीड-दोन महिन्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपली आपण उतरते. सरकलेला भाग हळूहळू आकसतो. तोवर गोळ्या घ्यायच्या, व्यायाम शिकून घ्यायचे आणि झेपेल तेवढं चालायचं. अंथरुणाला खिळायचं अजिबात नाही. हे ऐकून मी नणंदबाईंच्या वतीनं खाली बघितलं. कळ सोसवेनाशी झाली तर पाठीत इंजेक्शन देता येतं, त्यानं काही आठवडे आराम पडतो, पण गादी काही जागेवर जात नाही. आणि ऑपरेशन. त्यानं पाय लवकर मोकळा होतो, पण वर्षभरानं बघितलं तर केलेले आणि न केलेले बहुतेक सारखेच चालत असतात. म्हणून आज त्याची गरज नाही.

"पण एक लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुखणं वाढलं तर मला फोन करा. पाऊल कमजोर झालं, उचलेनासं झालं, किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवीवर ताबा राहिला नाही, तर फोनसुद्धा करू नका, सरळ निघून या. नस फार दिवस दबून राहिली तर गेलेली ताकद परत येतेच असं नाही. मग पाऊल कायमचं लोंबतं राहू शकतं."

घरी येताना रिक्षात मास्तर एका कुल्ल्यावर बसून म्हणाले, "ऑपरेशन नाही. शिवण चुकली तर उसवता येते. कात्री चालली की मागे घेता येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको."

मी म्हटलं, "आज कुणी चालवतंय का कात्री? डॉक्टरबाईसुद्धा नकोच म्हणाल्या." मलाही ते नकोच होतं. पाठीच्या कण्याजवळ कुणी सुरी नेणार हा विचारच मला सोसत नव्हता. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं, आणि ठरवलं ते चूक नव्हतं. हे मी आजही म्हणेन.

सुताराला बोलावून कापण्याच्या टेबलाच्या पायांखाली ठोकळे लावून घेतले, म्हणजे मास्तरांना ओणवं व्हायला नको. व्यायाम शिकवायला एक फिजिओ मुलगी यायची. ती पालथं झोपवून कोपरांवर उठायला सांगायची आणि मास्तर तिला "साहेब" म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत, मग पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत चालून यायला लागलो. मास्तर उजवीकडे झुकून चालायचे. वरचं अंग एकीकडे, खालचं दुसरीकडे. दुखऱ्या नसेपासून शरीर असं अंग चोरतं, कळ गेली की तेही जाईल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं, म्हणून मी तिकडे कानाडोळा केला.

आणि कळ खरंच उतरू लागली. आधी रात्रीची झोप लागली. मग एक दिवस ते चक्क खुर्चीवर बसून जेवले. मी दोनदा वाढलं. नणंदबाईंनी पट्ट्याचं कौतुक सुरू केलं, किराणावाल्यानं तेलाचं, मुख्याध्यापकांनी न टोचलेल्या सुयांचं. माझ्या जिवात जीव आला. मास्तर पुन्हा टेबलापाशी तासन्‌तास उभे राहायला लागले आणि माझ्या शिलाईत खोडी काढायला लागले, तेव्हा तर मला खात्रीच पटली की माणूस बरा झाला.

याच दिवसांत ते अधूनमधून अडखळू लागले. दुकानाच्या पायरीवर, मोरीच्या उंबऱ्यात, कधी सपाट फरशीवरसुद्धा. दर वेळी खाली बघून वैतागायचे, "पॅन्ट पायात येतेय." मीही ऐकून सोडून द्यायचे. दुखण्यात माणूस बारीक होतो, कंबर सैल होते, पॅन्ट खाली उतरते आणि पायात येते. शिंप्याच्या घरात याहून साधी गोष्ट कुठली असणार?

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी घरच्या कपड्यांना इस्त्री करायला घेतली. मास्तरांची राखाडी पॅन्ट टेबलावर पसरली, दोन्ही पाय एकावर एक ठेवले आणि हात थांबला. डावा पाय आखूड होता. दोन बोटं तरी. मला आधी राग आला. एवढा मोठा कापणारा आणि स्वतःच्या पॅन्टीत असली चूक! मग दुमड उलटून बघितली. आतली तुरपाई त्यांच्याच हातची होती, बारीक आणि सारखी. नवी. तिच्या शेजारी जुन्या तुरपाईची भोकं दिसत होती. आणि तिच्याही खाली आणखी एक ओळ.

मी काळी पॅन्ट काढली. तीही तशीच. मातकट रंगाची होती तीही. म्हणजे हा माणूस मला न सांगता, मी घरी स्वयंपाकाला गेले की, आपल्या सगळ्या पॅन्टींचा डावा पाय वर वर घेत बसला होता.

"अहो," मी हाक मारली, "जरा इकडे या. या चौथऱ्यावर उभे राहा."

गिऱ्हाइकांची ट्रायल घ्यायला आमच्याकडे आरशासमोर एक छोटा लाकडी चौथरा आहे. मास्तर त्यावर चढताना अडखळले. मी खाली बसून बघितलं. ते स्थिर उभे होते आणि डावी दुमड बुटाच्या कितीतरी वर होती. मोजा दिसत होता.

"ही पायात येते?" मी विचारलं.

"येते. चालताना येते," मास्तर म्हणाले. "कापड ओढलं असेल गं. धुतल्यावर होतं असं."

"तिन्ही पॅन्टींचं? एकाच पायाचं?"

मास्तर चौथऱ्यावरून उतरू लागले. मी म्हटलं, "चालून दाखवा. दारापर्यंत जा आणि परत या."

माझं मशीन बंद होतं, पंखाही बंद होता. मास्तर चालले आणि मी डोळ्यांनी बघायच्या आधी मला कानांनी कळलं. उजवं पाऊल टाच टेकून नेहमीसारखं पडत होतं. डावं मात्र सगळं एकदम पडत होतं, फट्‌ करून, ओलं फडकं फरशीवर टाकावं तसं. पुढचं पाऊल उचलताना चवडा जमिनीला घासत होता. डाव्या बुटाचं टोक झिजून पांढरं पडलं होतं.

पॅन्ट पायात येतच नव्हती. पाय उचललाच जात नव्हता.

मला सगळं एकदम उमगलं. कळ कमी झाली म्हणून आम्ही हरखलो होतो, आणि इकडे नस मुकी होत चालली होती. मास्तर खोटं बोलत नव्हते, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगते. त्यांना खरंच पॅन्टीचाच दोष वाटत होता. सगळं आयुष्य त्यांनी लोकांना हेच सांगण्यात घालवलं होतं. अंग वाकडं दिसलं की त्यांचा हात आपसूक कापडाकडे जायचा, मग ते अंग स्वतःचं का असेना.

माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. 'बघते, करून देते.' पण मी म्हटलं, "पॅन्टीला काहीही झालेलं नाही. तुमचं पाऊल उचलत नाहीये."

मास्तर असे बघत राहिले, जणू मी भर गिऱ्हाइकात त्यांचा पाणउतारा केलाय. मग चिडले. "काहीतरी बोलू नकोस. बरा होतोय मी. कळ कुठे राहिलीय आता? जेवतो बसून, झोपतो रात्रभर..."

"टाचांवर उभे राहा."

"कशाला?"

"डॉक्टरबाईंकडे राहिला होतात ना, तसे राहा."

त्यांनी टेबलाला धरलं आणि चवडे उचलले. उजवा वर गेला. डावा तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा जोर लावला, कपाळावरची शीर फुगली, ओठ दाबले गेले. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं तिथेच. मास्तर स्वतःच्या पावलाकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"चला," मी म्हटलं. दुकानाचं शटर मीच ओढलं.

डॉक्टरबाईंनी पाऊल तपासलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण चष्मा या वेळी डोक्यावर चढवला नाही. "कधीपासून अडखळताय?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी हिशोब पॅन्टींवरून लावला. पहिल्यांदा दुमड वर घेतली तेव्हापासून, म्हणजे पंधरवडा तरी झाला असेल.

"आता माझं मत बदललंय," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मी थांबा म्हटलं, कारण तेव्हा फक्त दुखत होतं. दुखण्यासाठी थांबता येतं. ताकद जात असताना थांबू नये. नसेवर जो तुकडा दाबतोय तो काढायला हवा, आणि या आठवड्यातच."

"इंजेक्शन?" मास्तरांनी विचारलं.

"त्यानं दुखणं कमी होतं. तुमचं तसंही कमीच झालंय."

"व्यायाम वाढवला तर? ती मुलगी चांगलं शिकवते."

"व्यायाम नंतर लागेलच. आधी नस मोकळी व्हायला हवी."

"आणि नाही केलं तर?"

"काहींची ताकद न करताही परत येते. तुमची येईल की नाही, मी सांगू शकत नाही. केलं तरी सगळी येईल असा शब्द देत नाही. पण केलं तर आशा जास्त आहे आणि दिवस जातील तशी ती कमी होत जाईल. ऑपरेशनचे धोके आहेत. जखम चिघळू शकते, नसेच्या आवरणाला इजा होऊ शकते, तुकडा पुन्हा सरकू शकतो. हे क्वचित होतं, पण होत नाही असं मी म्हणणार नाही."

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आपलं तेच म्हणाले, "डॉक्टर, मी कापणारा माणूस आहे. कात्री चालली की मागे घेता येत नाही."

मला वाटलं, बाई वैतागतील. त्या म्हणाल्या, "येत नाहीच. म्हणून तर मागच्या वेळी मी चालवली नाही." मग म्हणाल्या, "पण तुमची नस रोज थोडी थोडी जातेय. तेही मागे घेता येणार नाही."

मास्तरांनी एकदा पावलाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "तू सांग."

आयुष्यातले मोठे निर्णय त्यांनी मला कळवले होते, विचारले नव्हते. आणि आता विचारत होते ते असं! मी काय सांगणार होते? ऑपरेशनमध्ये काही झालं असतं तर जन्मभर 'करा' म्हणणारी मीच ठरले असते, आणि पाऊल गेलं असतं तर 'नको' म्हणणारीही मीच. तरी सांगितलं. "मला भीती वाटते. खूप वाटते. पण तुम्ही टेबलापाशी उभे नसलात तर मला ते दुकान नको. करून घ्या."

नणंदबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी आधी मला झाडलं, मग पट्ट्याला, मग स्वतःला. ऑपरेशनच्या दिवशी त्या माझ्या आधी हॉस्पिटलात हजर होत्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एवढा वेळ न भांडता कधी बसल्या नव्हत्या. "लहानपणी फार पळायचा गं," एवढंच एकदा म्हणाल्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुकडा निघाला, नस मोकळी झाली. बाकी आता नसेच्या मर्जीवर.

संध्याकाळपर्यंत मास्तर शुद्धीवर येऊन चहा मागत होते. उरलीसुरली कळ गेली होती. पाऊल मात्र तसंच पडून होतं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच होतं आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांना काही धीर वगैरे दिला नाही, माझ्याकडेच शिल्लक नव्हता.

घरी आल्यावर पावलाला आधार द्यायला प्लास्टिकची एक पट्टी मिळाली, बुटात घालायची. ती फिजिओ मुलगी पुन्हा येऊ लागली. मास्तरांना वाकायचं नाही, उचलायचं नाही, टेबलावर काम करायचं नाही, असं बजावलं होतं. आणि दुकानात शिवायला कापलेलं काहीच उरलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी खणातून ती काळी कात्री काढली, दोन मिनिटं हातात धरली आणि मुठीकडची बाजू माझ्यापुढे केली. मुख्याध्यापकांची पॅन्ट होती. मास्तर माझ्या मागे उभे राहिले आणि मी कापायला सुरुवात केली. निम्म्यावर गेले आणि खडूची रेघ एकीकडे राहिली, कात्री दुसरीकडे गेली.

मागून मास्तर खाकरले. "कापड ओढलंय," म्हणाले.

मी कात्री ठेवली आणि वळले. "खोटं बोलू नका."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, कापडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मनगट उचलतेस. टेबलाला टेकव. आणि पातं पूर्ण मिटतेस, म्हणून कडेला दातरे पडताहेत." मी मनगट टेकवलं. बाजूला दाब, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवलेला होता म्हणून पॅन्ट वाचली, नाहीतर मुख्याध्यापक अर्ध्या चड्डीत फिरले असते. त्या दिवसापासून मी रोज कापते आणि रोज बोलणी खाते.

पाऊल बरेच दिवस निपचित होतं. मग एकदा व्यायाम करताना ती मुलगी "थांबा, थांबा" म्हणाली आणि आम्ही सगळे अंगठ्यावर वाकलो. अंगठा हलला होता. आपण बोलावल्यावर मांजर कान हलवतं, तेवढाच. पण मास्तरांनी हलवला होता. नणंदबाईंनी तो पुन्हा पुन्हा हलवायला लावून मास्तरांना पार दमवलं. पुढे चवडाही थोडा उचलू लागला. एक दिवस प्लास्टिकची पट्टी काढून चालायची परवानगी मिळाली. डॉक्टरबाईंनी सांगितलं की नस फार सावकाश जागी होते, वर्षभर वाट बघायची, तोवर येईल तेवढं आपलं.

परवा संध्याकाळी आम्ही टाकीपर्यंत जाऊन परत येत होतो. रस्त्यावर बरीच वर्दळ होती. ओळखीची माणसं हात करत होती, "काय मास्तर, बरे दिसताय!" मास्तरही हात वर करून "एकदम!" म्हणत होते. छापखान्याच्या पुढे गेल्यावर ते थांबले. माझ्याकडे न बघता, समोर बघत त्यांनी विचारलं, "खरं सांग. मी अजून वाकडा चालतो?"

मी त्यांची बायको आहेच, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेली शिंपीणही आहे. उत्तर अगदी जिभेवर होतं. रस्ता उंचसखल आहे, बूट नवे आहेत, दिवसभर उभे होतात.

"हो," मी म्हटलं. "डावं पाऊल अजून पडतं. दमलात की जास्त पडतं."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. उलट हा माणूस इतके दिवस कुणीतरी हे म्हणेल म्हणून थांबला होता की काय, असं मला वाटलं.

"राहील असंच?"

"राहीलही. मला माहीत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. मग भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, त्यांनी आपला हात माझ्या दंडाभोवती घातला आणि पहिल्यांदाच अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. चांगलाच जड आहे माणूस. आम्ही सावकाश घरी आलो.